वजा अकरा

चौथा पाय उतरवला तेव्हाच बेल्मिरो म्हणाला होता,
कुठंतरी पाणी मुरतंय.

फ्लोरेस बेटापासून बोटीनं सात तास.
तिथं एक डोंगर आहे, बुडालेला,
शेंडा पाण्याखाली अठरा मीटर.
मासेमार त्याला म्हातारीचा दात म्हणतात.
पोकळी नावातच होती,
आम्ही ती नकाशात शोधत बसलो.

तीन रात्री काँक्रीट ओतलं.
बार्ज रिकामा व्हायचा, पाईप तहानलेलाच.
चौथ्या सकाळी वाऱ्यानं दिलेली मुदत संपली
आणि पाय जिथं होता तिथं थांबला:
बाकी तिघांपेक्षा अकरा सेंटिमीटर खाली.

लिस्बनहून तेल्मो म्हणाला, चालेल,
हिशेबात वजा करू.
एवढं सोपं.
पोलाद वाकडं, कागद सरळ.

नऊ वर्षं झाली. दोन महिने मी, दोन महिने लुदोविना.
मी काय करते असं घरी विचारतात.
गंज खरवडते.
समुद्रानं खाल्लेले जस्ताचे ठोकळे बदलते
(पाय खाऊ नयेत म्हणून त्याला जस्त खाऊ घालायचं,
नैवेद्यच तो, फक्त दर तोळ्याचा हिशेब ठेवून).
सौर तावदानांवरची पक्ष्यांची घाण धुते,
रात्री तेच पक्षी बाळांसारखे रडतात
आणि पहिल्या आठवड्यात तरी
झोपेतून उठून बसायला होतं.
सहा वाजता पातळीमापक बघते. आकडा येतो.
त्यातून अकरा वजा.

इथं सगळंच कलतं.
पेन्सिल पश्चिमेला घरंगळते.
ताटातलं सूप एका काठाला जास्त.
जमिनीवर उतरले की मीच थोडी तिरकी चालते,
बंदरातली पोरं हसतात.

बेल्मिरो आता पाणबुड्या नाही, कानांनी दगा दिला.
दर रविवारी रेडिओवर येतो, मोठ्यानं बोलतो.
हवा विचारत नाही, मासे विचारत नाही.
अजून अकराच?
अकराच.
मग गप्प होतो. तो आकडा त्याचा आहे,
तळ ठोकून बघणारा हात त्याचाच होता.

या मार्चमध्ये वर्षाची सरासरी काढली.
अकरा वजा करूनही
एक सेंटिमीटर उरला.
पुन्हा केली. उरला.
तेल्मोचा निरोप आला: आधी पाय तपासा.

बेल्मिरोनंच शिकवलेली युक्ती:
पारदर्शक नळी, पाणी भरून,
पहिल्या पायापासून चौथ्यापर्यंत डेकवर पसरायची.
दोन्ही टोकांना पाणी एकमेकांना ओळखतं,
खोटं बोलत नाही.
गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून,
मी फूटपट्टी धरली.
अकरा.
केसभरही जास्त नाही.

म्हणजे पाय खचला नाही.
किंवा चारही पाय एकदम खचले,
डोंगरासकट, म्हातारीच्या जबड्यासकट,
आणि हे नळीला कळायचं कारण नाही,
तीही आमच्याबरोबरच खाली गेली असणार.
ते आकाशातून मोजतात. उत्तर यायला महिना लागतो.
तोवर आम्ही बुडतोय की तो चढतोय,
कोण कोणाला जोखतंय,
मला सांगता येत नाही.

रविवारी सांगितलं त्याला.
पाय जागेवर आहे, बेल्मिरो. तुझा पाय जागेवर आहे.
मला वाटलं, सुटकेचा श्वास सोडेल.
रेडिओत नुसती खरखर.
मग हळू, कान गेलेल्या माणसाला न शोभेल इतक्या हळू,
म्हणाला,
माझी चूक असती तर बरं झालं असतं.

मी काय बोलणार.
एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं.
त्या नखावर सगळा अटलांटिक.

सूप अजून पश्चिमेलाच कलतं का?
कलतं.
मग गार व्हायच्या आत पी,
म्हणाला, आणि रेडिओ बंद केला.

वहीत मी दोन रकाने आखले.
पहिल्यावर लिहिलं, आमचं.
दुसऱ्याचं डोकं अजून कोरं आहे.